कामचुकार कोण? कामाच्या तासांचा इतिहास आणि आपण



"आठ तासांच्या ड्युटीत ही माणसं खरं काम किती तास करतात?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला आहे. तो महापालिकेच्या सफाई कामगाराबद्दल विचारला जातो. रोजगार हमीच्या मजुराबद्दल, सालगड्याबद्दल आणि आरक्षणातून नोकरीला लागलेल्या कारकुनाबद्दलही विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा सावलीत बसलेला असतो. त्याने स्वतः सकाळपासून काय काम केलं, हे त्याला कुणी विचारत नाही.

प्रश्न वाईट नाही. समाजशास्त्राच्या दृष्टीने तर तो चांगलाच आहे. कामाच्या दिवसातला किती वेळ खऱ्या कामात जातो, हे मोजलंच पाहिजे. पण मोजायचं तर सगळ्यांचं मोजा, आणि इतिहासापासून मोजा. तसं मोजलं की "कामचुकार" हा शब्द भलत्याच माणसाच्या कपाळावर चिकटवलेला दिसतो. म्हणून हा लेख. आणि या निमित्ताने, बाबासाहेबांच्या नावाने आपणच फिरवत असलेली एक चुकीची तारीखसुद्धा दुरुस्त करून घेऊ.

गिरणीतला दिवस

मुंबईच्या कापड गिरण्यांचा सुरुवातीचा काळ पाहा. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे गिरणी सूर्याबरोबर चालायची. उजाडलं की भोंगा आणि अंधारलं की सुट्टी. हिवाळ्यात दहा तास, उन्हाळ्यात तेरा तासांच्या वर. रविवारची सुट्टी नाही. मशीन साफ करण्यासाठी सुट्टीच्या दिवशीही बोलावणं यायचं. 1881 साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण तो मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, ही त्यातली मुख्य बंधनं होती. मोठ्या माणसाच्या तासांना कायद्यात काहीच मर्यादा नव्हती.

या माणसांच्या बाजूने पहिल्यांदा संघटितपणे उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. ते महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक. "दीनबंधू" हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या बघा. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत द्या. कामावर इजा झाली तर भरपाई द्या. मागण्या वाचल्या की गिरणीतला दिवस कसा असेल हे वेगळं सांगावं लागत नाही. जेवायला अर्धा तास मिळावा म्हणून माणसांना सह्या गोळा कराव्या लागत होत्या!

24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण आरामात चहा पितो तेव्हा ही सुट्टी कुणी देवाने दिली असं वाटतं. ती सत्यशोधक चळवळीतून आली आहे. ज्यांनी ती मिळवून दिली त्या लोखंड्यांचा 1897 साली प्लेगने मृत्यू झाला.

"हे लोक रेंगाळतात"

1905 च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. आता सूर्याची गरज उरली नाही. धंदा तेजीत होता, म्हणून मालकांनी दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ओढला. कामगारांनी संप केले, दंगेही झाले. शेवटी सरकारने 1907 साली एक कमिशन नेमलं, इंडियन फॅक्टरी लेबर कमिशन. त्याचा अहवाल 1908 साली आला.

आपला प्रश्न इथे पहिल्यांदा सरकारी कागदावर ठळकपणे येतो. मालकांचं म्हणणं असं होतं, की कामगार गिरणीत बारा-चौदा तास असतो हे खरं, पण काम कुठे करतो? तो मध्येच उठून बाहेर जातो, आवारात जेवतो, आंघोळ करतो, विडी ओढतो, गप्पा मारतो. म्हणजे तास जास्त दिसतात, काम कमीच होतं. मग तासांवर बंधन कशाला?

या युक्तिवादातली लबाडी ओळखायला शिकलं पाहिजे, कारण तीच आजही चालते. माणूस आवारात जेवत होता, कारण घरी जाऊन जेवायला वेळ नव्हता. तिथेच आंघोळ करत होता, कारण उजाडायच्या आत घर सोडायचं आणि अंधारात परत यायचं. विडीला बाहेर पडत होता, कारण सुताच्या कोंदट, दमट, धुळीने भरलेल्या खात्यात बारा तास सलग उभं राहणं माणसाच्या फुप्फुसाला शक्य नाही. मालकांनाही हे माहीत होतं. म्हणून तर ते जादा माणसं आणि बदली कामगार ठेवत. एक बाहेर गेला की दुसरा मशीन सांभाळायचा. मशीन कधी थांबत नव्हतं. थांबायचा तो माणूस, आणि त्या थांबण्याला नाव दिलं गेलं आळस.

दिवस लांबवला की माणूस स्वतःच तो आतून कापतो. शरीराचा हा हिशेब आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांमधल्या कामगारांच्या आरोग्यासाठी 1915 साली समिती नेमली होती. तिच्या तपासणीत हेच निघालं. आठवड्याचे तास कमी केल्यावर उत्पादन घटलं नाही, काही ठिकाणी वाढलं. थकलेला माणूस हजर असतो, पण काम त्याच्या हातून होत नाही. हे युद्ध जिंकायला निघालेल्या सरकारला पटलं, पण हिंदुस्थानातल्या मालकांना पटायला फार वेळ लागला.

1908 च्या त्या कमिशनमध्ये प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन घालायला बहुमत तयार नव्हतं. एका सदस्याने वेगळं मत नोंदवलं आणि थेट बंधनाचा आग्रह धरला. त्यांचं नाव डॉ. टी. एम. नायर. मद्रासचे हे डॉक्टर पुढे 1916 साली सुरू झालेल्या ब्राह्मणेतर चळवळीच्या, म्हणजे जस्टिस पार्टीच्या संस्थापकांपैकी एक झाले. हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका. मुंबईत कामगाराच्या विश्रांतीसाठी लढणारा माणूस सत्यशोधक आणि मद्रासकडून कामगाराच्या तासांसाठी एकटा मत नोंदवणारा माणूस जस्टिस पार्टीचा. श्रमाच्या वेळेचा प्रश्न जातिअंताच्या परंपरेनेच आधी हातात घेतला.

1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. 1920 च्या सुरुवातीला मुंबईच्या कामगारांनी मोठा संप करून दहा तासांचा दिवस मिळवला. 1922 च्या कायद्याने आठवड्याला साठ तास आणि दिवसाला अकरा तास ही मर्यादा घातली. 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला चोपन्न तास आणि दिवसाला दहा तास केले. जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांना मात्र साठ तासांची सूट तशीच राहिली. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांचा दिवस कुणी मोजलाच नाही

गिरणीच्या कामगाराचा दिवस लांब होता, पण निदान त्याला भोंगा होता. सुरुवात होती, शेवट होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या दिवसाला ना सुरुवात होती ना शेवट.

महार वतन म्हणजे काय, हे आजच्या पोरांना नीट सांगितलं पाहिजे. वतनदार महार गावाचा आणि सरकारचा नोकर. निरोप पोचवायचा, गावाची राखण करायची, वसूल तालुक्याला पोचवताना सोबत जायचं, आलेल्या अंमलदाराची सरबराई करायची, लाकडं फोडायची, मेलेलं जनावर ओढायचं, मयताची बातमी गावोगाव पोचवायची. आपल्या मराठवाड्यात येसकराची पाळी असायची. पाळी एका माणसाची असली तरी काम सगळ्या घराचं. मोबदला काय? थोडी इनाम जमीन, सुगीला खळ्यावरचं बलुतं आणि संध्याकाळी दारोदार मागून आणलेली भाकरी. मागून आणलेली! कामाचा मोबदलाच भीक म्हणून दिला, म्हणजे मोबदल्याचा हक्क सांगता येत नाही.

बाबासाहेबांनी नेमकं इथे बोट ठेवलं. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. वतनदार महाराला दिवसरात्र, चोवीस तास, केव्हाही कामाला बोलावता येतं, आणि तो घरी नसला तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी धरून नेतात, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. कामाची यादी ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही, पगार ठरलेला नाही. ते बिल त्या वेळी मंजूर होऊ शकलं नाही. वतनं कायद्याने गेली ती फार पुढे. मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा 1958 साली केला. पण त्याच्याही आधी, 1956 च्या धम्मदीक्षेनंतर, गावोगावच्या आपल्या लोकांनी गावकीची कामं स्वतःहून सोडली. बहिष्कार सोसला, पण सोडली. माझ्या मते आपल्या समाजाच्या इतिहासातला कामाच्या वेळेबाबतचा हा सर्वांत मोठा संप आहे. त्या संपाची कुठल्या लेबर ऑफिसात नोंद नाही.

आता सांगा, चोवीस तास हाकेच्या अंतरावर बसवून ठेवलेल्या माणसाने "खरं काम" किती तास केलं? पाटलाच्या वाड्याच्या पायरीपाशी तो चार तास नुसता बसला असेल. ते चार तास त्याचे होते का? त्या वेळात तो स्वतःच्या शेतात जाऊ शकत होता का? पोराला शाळेत सोडू शकत होता का? नाही. म्हणजे बसलेला असला तरी तो राबतच होता. वेळ कुणाच्या मालकीची आहे, यावर काम ठरतं. हातात फावडं आहे की नाही, यावर ठरत नाही.

मन का लागत नाही?

"पण काही लोक खरंच काम टाळतात की!" हा पुढचा आक्षेप. टाळतात. मग त्याचं कारण शोधू. बाबासाहेबांनी ते 1936 सालीच सांगून ठेवलं आहे. "अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट"मध्ये त्यांनी मांडलं, की जातिव्यवस्था नुसती श्रमाची विभागणी करत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते, आणि तीही एकावर एक अशा पायऱ्यांनी. पण त्याच ठिकाणी त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला आहे, जो आपण भाषणात कमी सांगतो. माणसाला आवड नाही, निवड नाही, असा धंदा जन्माने त्याच्या गळ्यात बांधला, आणि वर समाज त्या धंद्याला हलका मानतो, तर त्या माणसाला त्या कामाची घृणा येणार. ते टाळावंसं वाटणार. जिथे मनही नाही आणि बुद्धीही नाही, तिथे कार्यक्षमता येणार कुठून? म्हणजे काम टाळण्याची वृत्ती माणसाच्या रक्तात नसते. ती व्यवस्था तयार करते, आणि मग तीच व्यवस्था त्याला कामचुकार म्हणते.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच होतं. विणकाम खात्यात पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपल्या माणसाला त्या खात्याचं दार बंद. तो कितीही कष्टाळू असला तरी कमी पगाराच्या खात्यातच राहायचा. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तासांच्या प्रश्नाला हे दोन्ही लागू पडतात. भांडवलशाही तास लांबवते. ब्राह्मणशाही कुणाचे तास मोजायचे आणि कुणाचे नाहीत हे ठरवते.

बाबासाहेब आणि आठ तास: तारीख नीट करा

आता आपल्या घरातली गोष्ट. दर 14 एप्रिलला आणि 1 मेला एक पोस्ट फिरते: "बाबासाहेबांनी 27 नोव्हेंबर 1942 ला सातव्या कामगार परिषदेत 14 तासांचे 8 तास केले." भावना बरोबर आहे, तपशील चुकीचा आहे. आणि चुकीच्या तपशिलाचा फायदा नेहमी विरोधक घेतो. वर दिलेला क्रम आठवा. 1934 पासून बारमाही कारखान्यांत कायद्याची मर्यादा दिवसाला दहा तासांची होती. कुणी तो कायदा समोर ठेवला की आपला पोरगा गप्प बसतो, आणि मग बाबासाहेबांचं खरं कामही लोक खोटं समजतात.

खरी हकीगत अशी आहे. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट 1942 मध्ये दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. सातवी कामगार परिषद झाली ती नोव्हेंबर 1945 मध्ये. इंग्लंडला कामगार कायदे करायला शंभर वर्षं लागली म्हणून आपणही शंभर वर्षं घ्यावीत, हा युक्तिवाद त्यांनी तिथे खोडून काढला. 1945 सालीच कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क देणारी दुरुस्ती झाली. आणि 1946 साली त्यांनी फॅक्टरी कायद्याचं दुरुस्ती बिल मांडलं. बारमाही कारखान्यात आठवड्याचे चोपन्न तास होते ते अठ्ठेचाळीस झाले. हंगामी कारखान्यात साठ होते ते पन्नास झाले. सहा दिवसांचा आठवडा धरला तर अठ्ठेचाळीस म्हणजे रोजचे आठ तास. जादा कामाला दुप्पट दराचं तत्त्वही याच कायद्यात आलं. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने हेच पुढे चालवलं.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आपण सांगतच नाही. एप्रिल 1946 मध्ये बाबासाहेबांनी किमान वेतनाचं बिल मांडलं. 1948 साली त्याचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात शेतमजुरीचाही समावेश होता. फॅक्टरी कायदा शेतातल्या माणसापर्यंत कधी पोचलाच नाही. शेतमजुराच्या मजुरीला आणि दिवसाला पहिल्यांदा कायद्याची चौकट मिळाली ती या कायद्यामुळे.

आणि आपण परभणीकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. हे कायदे होत होते तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. ब्रिटिश हिंदुस्थानचा फॅक्टरी कायदा आपल्या जिनिंगला लागू नव्हता. सेलू, मानवत, परभणीच्या कापसाच्या पेठा तेव्हाही होत्या. 17 सप्टेंबर 1948 नंतर आपण भारतात आलो, आणि मग हळूहळू हे हक्क इकडे आले. म्हणजे आपल्याकडच्या कामगाराला हा इतिहास उशिरा मिळाला, आणि शेतमजुराला तर कागदावरच मिळाला.

आपल्या जिल्ह्यातला दिवस

सालगडी घ्या. गुढीपाडव्याला साल ठरतं, पाडव्याला संपतं. उचल आधी घेतलेली असते, त्यामुळे मध्येच सोडून जाता येत नाही. दिवस उजाडायच्या आधी शेणघाण, वैरण, पाणी. मग आउत, फवारणी, खुरपणीवर देखरेख. संध्याकाळी पुन्हा जनावरं. कृषिपंपाला रात्रीची लाइट असली की रात्री दारे धरायला जायचं, तेही साप-विंचवात. मालक म्हणतो, "दुपारी दोन तास झाडाखाली झोपलेला असतो." रात्री दोनला पाणी वळवणारा माणूस दुपारी झोपणार नाही तर कधी झोपणार? दुपारची झोप मालकाला दिसते, रात्रीचं पाणी दिसत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 साली झाला. सालाच्या करारात उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहत असेल, तर त्या कायद्याच्या नजरेने त्या कराराकडे बघायला शिकलं पाहिजे.

रोजगार हमी घ्या. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. कामाचे दर असे ठरवायचे, की साधारण ताकदीच्या माणसाने सात तास काम केलं तर त्याला किमान मजुरी पडावी, असं तत्त्व त्यात होतं. म्हणजे मजुरी मोजून टाकलेल्या मातीवर. तुम्ही किती वेळ बसलात याचा प्रश्नच नाही, कमी खणलं तर कमी पैसे. तरीही "रोहयोवर लोक बसून पैसे घेतात" ही म्हण खेड्यात सगळ्यात जास्त चालते. आता तर 2023 पासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची केली गेली. मोजमापही द्यायचं आणि दोन फोटोंसाठी थांबूनही राहायचं. रेंज नसली की हजेरी बुडाली. ज्या बाईची मजुरी मातीच्या घनफळावर ठरते, तिच्यावरच दोन वेळा कॅमेरा लावावासा व्यवस्थेला वाटतो.

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून उसाला जाणाऱ्या जोड्या घ्या. तिथे तर तासच नाहीत, टन आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, दिवसभर तोड, आणि रात्री अपरात्री गाडी आली की भरायला उठायचं. गाडीची वाट बघत फडात बसलेला वेळ कुणी मोजत नाही. तोही कामाचाच वेळ आहे.

आणि घरातली बाई? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97 मिनिटं. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 आहेत. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झाली! जवळपास पाच तास बिनपगारी काम करून मग खुरपायला जाणाऱ्या बाईला गावात म्हणतात, "बायका नुसत्या गप्पा मारत खुरपतात." हा प्रश्न फक्त मालकांना विचारून चालणार नाही. आपल्या वस्तीतल्या घरांमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणाऱ्या आपल्या भावांनाही विचारावा लागेल.

पुन्हा बारा तास

आता आजचं बघा. 2023 साली एका मोठ्या उद्योगपतीने तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सांगितलं. 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांची भाषा नव्वद तासांवर गेली. ही नुसती बोलणी वाटत होती. पण 3 सप्टेंबर 2025 ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. पाच तासांनंतर मिळणारी विश्रांती सहा तासांनंतर. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकार सांगतं.

लेखी संमती! ज्याला ठेकेदार तोंडी सांगून कामावर घेतो आणि तोंडी सांगून काढतो, त्याची लेखी संमती म्हणजे काय, हे एमआयडीसीत काम करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. वतनाचं कामही कागदावर "सेवा"च होती. बारा तास हा आकडाही नवा नाही. 1911 च्या इंग्रजांच्या कायद्याने कापड गिरणीसाठी घातलेली हीच मर्यादा होती. आठवड्याची मर्यादा वेगळी आहे, मान्य. पण रोजच्या दिवसाच्या बाबतीत आपण शंभर वर्षं मागे सरकलो, हे खोटं आहे का?

यावर आपलीच काही माणसं म्हणतात, "बाबासाहेब तर अठरा अठरा तास अभ्यास करायचे, मग आपण बारा तास कामाला का घाबरायचं?" जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपण घेतो, तो घ्यायलाच हवा. पण फरक समजून घ्या. बाबासाहेबांचे अठरा तास त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते, आपल्या सगळ्यांच्या मुक्तीसाठी त्यांनी निवडलेले. ठेकेदाराचे बारा तास माणसाकडून तेच अठरा तास हिसकावून घेतात. बारा तास मशीनवर उभा राहिलेला पोरगा रात्री विहारात अभ्यासिकेला येईल का? एमपीएससीचं पुस्तक उघडेल का? मोर्चाला येईल का? आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, ही जगभरच्या कामगारांची मागणी होती. त्यातल्या तिसऱ्या आठ तासांत माणूस शिकतो, संघटित होतो आणि संघर्ष करतो. त्यांना पहिल्या आठ तासांतल्या आळसाची काळजी कमी आहे, या तिसऱ्या आठ तासांची भीती जास्त आहे.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत. नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, घरात गोडधोड झालं तर त्यालाही द्यावं, आणि योग्य वेळी त्याला सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगितलेलं आहे. शक्तीप्रमाणे काम आणि वेळेवर सुट्टी, या दोनच गोष्टींसाठी लोखंडे लढले, नायर लढले, बाबासाहेब लढले.

म्हणून मित्रांनो, तीन कामं करू. पहिलं, जयंतीच्या भाषणात आणि बॅनरवर खरी तारीख लिहा: 1946, चोपन्नचे अठ्ठेचाळीस. दुसरं, आपल्या गावातल्या सालगड्याचा, सफाई कामगाराचा, ऊसतोड जोडीचा आणि आपल्या आईचा एक दिवस, पहाटेपासून झोपेपर्यंत, वहीत तासाप्रमाणे लिहून काढा. थांबलेला, वाट बघितलेला वेळसुद्धा लिहा. अशा पन्नास वह्या झाल्या तर तहसीलला निवेदन देताना आपल्या हातात घोषणेबरोबर पुरावाही असेल. तिसरं, ओव्हरटाइमच्या संमतीच्या कागदावर सही करण्याआधी चार जणांनी एकत्र बसून तो वाचा. एकट्याने सही करू नका.

आणि पुढच्या वेळी कुणी सावलीत बसून विचारलं, की "हे लोक खरं काम किती तास करतात?", तर वही त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "आमचं लिहिलंय. आता तुमचं सांगा."

जय भीम! जय संविधान!